शून्य सिंहासन आणि संस्थेचा निर्णय

॥ ॐ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥



मागील श्रावणात हैदराबादच्या हिमायतनगर भागात पाच दिवस वचनचिंतन झाले. नांदेड, लातूर, उदगीर, सोलापूर, बिदर या भागांतून नोकरी-व्यापारासाठी येऊन तेथे स्थिरावलेली आपली मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या श्रद्धेने येत होती. शेवटच्या दिवशी प्रसाद झाल्यावर मंडळी पांगली, तरी एक गृहस्थ मागे थांबले. ते एका पतसंस्थेचे अध्यक्ष. नमस्कार करून म्हणाले, "महाराज, लिंगपूजा रोज होते, त्यात खंड नाही. पण दहा वाजता कचेरीत बसलो की प्रश्नांची रांग लागते. कर्ज द्यावे की नाही, माणूस ठेवावा की काढावा, जागा घ्यावी की थांबावे. कधी निर्णय बरोबर येतो, कधी चुकतो. चुकला की रात्र रात्र झोप नाही. निर्णय कसा घ्यावा, हे शरणांनी कुठे शिकवले आहे काय?"

त्यावेळी गाडीची वेळ झाली होती. दोन शब्द सांगून आम्ही निघालो. पण प्रश्न आमच्याबरोबर मठापर्यंत आला. संस्था चालविणारे अनेक भक्त या मासिकाचे वाचक आहेत. कोणी शाळेचे चिटणीस, कोणी सोसायटीचे चेअरमन, कोणी कारखान्याचे मालक, कोणी महिला मंडळाच्या अध्यक्षा. घर ही देखील एक संस्थाच आहे. म्हणून तो प्रश्न या महिन्याच्या चिंतनाला घेतला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'नेता' आणि 'निर्णय' हे दोन्ही शब्द 'नी' या एकाच संस्कृत धातूपासून निघाले आहेत. नी म्हणजे नेणे. जो लोकांना नेतो तो नेता, आणि संशयातून बाहेर नेतो तो निर्णय. परंतु निर्णयाच्या आधी दोन पायऱ्या आहेत. पहिली विचार. यात 'चर्' धातू आहे, म्हणजे फिरणे. एखाद्या गोष्टीच्या चहूबाजूंनी फिरून येणे म्हणजे विचार. दुसरी विवेक. यात 'विच्' धातू आहे, म्हणजे वेगळे करणे. सुपात धान्य पाखडून खडा बाजूला काढावा तसे सार आणि असार वेगळे करणे म्हणजे विवेक. आधी फिरावे, मग पाखडावे, मग न्यावे. आपली अडचण एवढीच की आपण पहिल्या दोन पायऱ्या सोडून तिसरीवर उडी घेतो आणि पाय मोडला की दैवाला बोल लावतो.

चहूबाजूंनी फिरणे म्हणजे काय, याचा दाखला हैदराबादकरांच्या रोजच्या पाण्यातच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली. अफजलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसे वाचली; ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. पूर ओसरल्यावर कोणालाही पहिला विचार सुचेल तो काठावर उंच भिंती बांधण्याचा. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १९०९ मध्ये पाचारण केले. त्यांनी पाणी जेथे शिरले तेथेच न पाहता ते येते कोठून, हे पाहिले. शहराच्या वर, नदी येते त्या बाजूला पाणी अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून मुसेवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसा या उपनदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुराला आवर बसला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. दुःख खाली दिसते, त्याचे मूळ वर असते. संस्थेत भांडण झाले, पैसा बुडाला, माणूस सोडून गेला, तर पूर आलेल्या जागेवर भिंत घालण्याआधी प्रवाहाच्या उगमाकडे चार पावले चालून जावे.

हे सांगणे सोपे आहे. आम्ही स्वतः हे कसे शिकलो, तेही सांगितले पाहिजे. अन्यथा हे लिहिण्याचा अधिकार आम्हाला पोहोचत नाही.

पट्टाधिकार होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. मठाच्या वसतिगृहात चाळीस मुले होती. एके दिवशी भोजनखर्चाच्या पेटीतून अठराशे रुपये कमी भरले. आदल्या संध्याकाळी दहावीतला एक मुलगा कचेरीत एकटाच दिसला होता, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने मान डोलावली. मुलगा गरीब, वडील शेतमजूर. आम्ही त्याला समोर उभे केले आणि 'का केलेस?' असे विचारले. 'केलेस काय?' असे विचारलेच नाही. तो रडू लागला, ते रडणे आम्ही कबुली समजलो. त्याच दुपारच्या एस.टी.ने त्याला गावी पाठवले. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मठाची शिस्त राखली, या समाधानात आम्ही त्या रात्री शांत झोपलो.

परीक्षा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी धान्याच्या व्यापाऱ्याची पावती सापडली. अठराशे रुपये त्याला दिले गेले होते; रोजकीर्दीत नोंद करायची राहिली होती. आम्ही त्या मुलाच्या गावी गेलो. त्याच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि पदर सावरून एवढेच म्हणाली, "महाराज, इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. त्यो पेन इसरला व्हता, त्यो आणायला गेल्ता."

एरवी आम्ही मठाच्या रीतीप्रमाणे 'आम्ही' लिहितो. येथे तो शब्द घेऊन दोष वाटून टाकता येणार नाही. ती चूक माझी होती. मुलगा मठात परत आला नाही. त्याने पुढच्या वर्षी दुसरीकडून परीक्षा दिली असे कळले. त्याचे एक वर्ष मी घेतले, आणि ते परत देण्याचा कोणताही विधी शास्त्रात नाही.

त्या माऊलीच्या शब्दांनंतर आम्ही अनुभव मंटपाकडे नव्या दृष्टीने पाहू लागलो. तोपर्यंत मंटप हा आमच्या प्रवचनाचा अभिमानाचा विषय होता. त्यानंतर तो आमचा शिक्षक झाला.

हिमायतनगरहून निघून जहिराबाद, हुमनाबाद ओलांडून गेले की बसवकल्याण येते. बाराव्या शतकात तेथे महात्मा बसवण्णा हे कलचुरी राजा बिज्जळाचे भंडारी आणि मंत्री होते. राजाची तिजोरी त्यांच्या हाती, शब्दाला वजन, लोकांत कीर्ती. मंटप उभारला त्यांनी, खर्च चालविला त्यांनी. मग अध्यक्षाचे आसन कोणाला मिळायला हवे होते? जगाच्या रीतीने त्यांनाच. पण शून्य सिंहासनावर बसविले अल्लमप्रभूंना, मद्दल वाजविणाऱ्या, कोणतेही राजपद नसलेल्या त्या विरक्त ज्ञान्याला. भक्तहो, यात मोठे व्यवहारज्ञान आहे. ज्याच्या हाती तिजोरी आहे त्याच्याच हाती चर्चेचे आसनही असले, तर चर्चा होत नाही, होकार होतो. बसवण्णांनी अधिकार आणि विचार यांची आसने वेगळी केली आणि स्वतः प्रश्न ऐकायला खाली बसले.

आणि त्या आसनाचे नाव तरी काय? शून्य. ज्याच्या मनात निकाल आधीच लिहून ठेवलेला नाही, त्याने बसावे असे ते आसन. बैठकीला येण्यापूर्वीच जो ठरवून येतो, त्याचे सिंहासन भरलेले असते. तेथे सत्याला बसायला जागा उरत नाही. त्या दिवशी त्या मुलासमोर आम्ही भरलेल्या आसनावर बसलो होतो.

मंटपात कोण बोलत असे, तेही पाहा. परंपरेने सातशे सत्तर अमरगणांचा उल्लेख होतो. त्यांत चांभार हरळय्या, नावाडी चौडय्या, मादार चन्नय्या, डोहार कक्कय्या आहेत. अक्कमहादेवी, अक्कनागम्मा, सत्यक्का आहेत. बसवण्णांचा भाचा चन्नबसवण्णा वयाने किती लहान! पण शास्त्रार्थात त्याचे मत मामाच्या विरुद्ध गेले तरी ते मानाने ऐकले जाई. अक्कमहादेवी मंटपात आल्या तेव्हा प्रभूंनी त्यांना कठोर प्रश्न विचारले. आणि त्यांनी उत्तर दिले तेव्हा तितक्याच मोकळेपणाने त्यांचा गौरव केला. प्रश्न कठोर असावा, पण उत्तर ऐकण्याची तयारी त्याहून मोठी असावी. ज्या संस्थेत शिपायाला, स्वयंपाकिणीला, नव्या कारकुनाला बोलण्याची भीती वाटते, त्या संस्थेच्या अध्यक्षाला अर्धेच दिसते. आमच्या मठातल्या त्या पावतीची गोष्ट स्वयंपाकघरातल्या एका बाईला ठाऊक होती. तिला कोणी विचारले नव्हते.

आता सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचा प्रसंग घ्या. 'शून्यसंपादने' या ग्रंथात तो आला आहे. सिद्धराम सोन्नलिगेत तलाव खोदत होते, मंदिरे बांधत होते, हजारो माणसे कामाला लावत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते फार मोठ्या संस्थेचे कर्तबगार प्रमुख होते, आणि काम लोककल्याणाचे होते. अल्लमप्रभू तेथे आले आणि सिद्धरामांना त्यांनी मुद्दाम दगडफोड्या वड्डराच्या नावाने हाक मारली. कामकऱ्यांनी चिडून दगड मारले. सिद्धराम संतापाने धावून आले. तेथे जो संवाद झाला त्याचा मथितार्थ असा की, बाहेर एवढे खोदले, आत किती खोदले? कर्तबगार माणसाला हा प्रश्न सर्वांत झोंबतो. आपले काम चांगले आहे, म्हणून आपल्याला कोणी विचारूच नये, असे त्याला वाटू लागते. सिद्धरामांचे मोठेपण असे की राग ओसरल्यावर त्यांनी प्रश्न हाकलला नाही. ते प्रभूंबरोबर कल्याणला आले, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगदीक्षा घेतली, आणि परंपरा सांगते की पुढे त्याच शून्य सिंहासनावर बसले. जो नेता टीकेचा राग गिळू शकतो, त्यालाच पुढे ते आसन मिळते. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याला जाल तेव्हा तलावाकाठी उभे राहून याचे स्मरण करावे.

विवेकाचा धडा मात्र मंटपातल्या एका गरीब घरातून घ्यावा. आयदक्की मारय्यांचे कायक सांडलेले तांदूळ वेचण्याचे. एक दिवस ते नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले. पत्नी लक्कम्मांनी पाहिले आणि गरजेपेक्षा अधिक असलेले परत ठेवून यायला सांगितले. चोरी नव्हती, फसवणूक नव्हती. दोन ओंजळी तांदूळ! पण लक्कम्मांनी सीमा ओळखली. सीमा ओलांडली जाते ती अशीच, ओंजळीने. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या नामांकित कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की वर्षानुवर्षे हिशेबात नफा फुगवून दाखविला गेला. आरंभी फरक किरकोळ होता. तो झाकण्यासाठी दरवर्षी आणखी फरक करावा लागला आणि अखेर आकडा हजारो कोटींवर गेला. हजारो कुटुंबांची झोप उडाली. त्या पहिल्या वर्षी, पहिल्या ओंजळीच्या वेळी, 'हे परत ठेवून या' असे म्हणणारे कोणी असते तर! प्रत्येक नेत्याच्या घरी किंवा कचेरीत एक लक्कम्मा असावी, आणि तिचे ऐकण्याइतका मारय्या नेत्यात असावा.

येथपर्यंत विचार आणि विवेक झाले. आता निर्णयाकडे येऊ, आणि पतसंस्थेच्या त्या अध्यक्षांना झोप का येत नाही त्या मुद्द्याकडेही.

कल्याणात मधुवरसांच्या कन्येचा विवाह हरळय्यांच्या पुत्राशी झाला. एक घर ब्राह्मणाचे, दुसरे चांभाराचे. पण दोन्ही घरे आता लिंगधारी शरणांची. जातिभेद मानायचा नाही हे मंटपाचे तत्त्व, मग विवाहाला नकार कसा द्यावा? निर्णय झाला. बिज्जळाने मधुवरस व हरळय्या यांना भीषण देहदंड दिला. कल्याणात आग पेटली, बिज्जळाचा वध झाला, शरण देशोधडीला लागले. मंटप मोडला. मग विचारा, निर्णय चुकला काय?

परिणामावरून मोजाल तर चुकला म्हणावे लागेल. पण परिणाम हे निर्णयाचे एकमेव माप नव्हे. चांगला निर्णय घेऊनही पीक बुडते, वाईट निर्णय घेऊनही कधी पाऊस पडतो. त्या वेळी जे माहीत होते ते सर्व पाहिले काय, ज्यांना झळ लागणार त्यांना विचारले काय, तत्त्वाशी प्रामाणिक राहिलो काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर निर्णय शुद्ध आहे. मग परिणाम कूडलसंगमाला अर्पण करून झोपावे. उत्तर नकारार्थी असेल, तर परिणाम चांगला आला तरी जागे राहावे.

मात्र एक सावधानता सांगतो, कारण या युक्तिवादाचा आडोसा हट्टी माणसेही घेतात. कल्याणच्या निर्णयाची किंमत हरळय्या आणि मधुवरसांनी स्वतःच्या देहाने मोजली, बसवण्णांनी पद सोडून मोजली. आपल्या तत्त्वाची किंमत आपण मोजली तर तो त्याग. ती शेजाऱ्याच्या मुलाने मोजली तर तो केवळ हट्ट. आमच्या 'शिस्तीची' किंमत एका शेतमजुराच्या मुलाने मोजली होती.

आणि परिणाम वाईट आला तर पुढे कोणी उभे राहायचे? १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एस.एल.व्ही.-३ हे यान सोडले गेले. संगणक थांबण्याचा इशारा देत होता. मोहिमेचे प्रमुख डॉ. अब्दुल कलाम यांनी तज्ज्ञांचा सल्ला घेऊन उड्डाण पुढे नेले. यान बंगालच्या उपसागरात कोसळले. पत्रकारांपुढे गेले ते संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन, अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी पुढचे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा धवनांनी कलामांना पुढे पाठविले. हेच कलाम १९८२ मध्ये हैदराबादच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेचे संचालक झाले. अपयश आपल्या अंगावर आणि यश दुसऱ्याच्या ओंजळीत, यालाच आपल्या पंचाचारांत भृत्याचार म्हटले आहे. नेता हा गणांचा भृत्य आहे, सेवक आहे.

कधी कधी समोर सरळ वाट नसतेच. निजामी अमलात उर्दूचा आग्रह होता तेव्हा भालकी मठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी शाळेबाहेर उर्दूची पाटी लावली आणि आत मुलांना कन्नड शिकविले. पाटीसाठी भांडले असते तर शाळा गेली असती. घाबरून गप्प बसले असते तर भाषा गेली असती. काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही, हे त्यांनी वेगळे केले. १९९९ मध्ये ते लिंगैक्य झाले. त्या शाळांतून शिकलेल्यांची नातवंडे आज आपल्यात आहेत. चन्नबसवण्णांनीही कल्याण पेटल्यावर असेच केले. सर्व वाचविता येत नाही हे ओळखून वचनांची बाडे आणि शरणांना घेऊन ते उळवीकडे निघाले. तुम्ही-आम्ही आज वचन वाचतो ते त्या निर्णयामुळे.

आता हे रोजच्या जीवनात कसे आणावे? नवे काही शोधायला नको. आपण इष्टलिंग तळहातावर घेतो आणि दृष्टी स्थिर करतो. त्या क्षणी अध्यक्षपद, मालकी, मानापमान सगळे बाजूला राहते. तेच आपले शून्य सिंहासन. महत्त्वाच्या निर्णयाचा कागद आदल्या दिवशी वाचावा, सही दुसऱ्या दिवशी पूजेनंतर करावी. मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. राग रात्रीत उतरतो, लोभही थोडा उतरतो.

आमच्या मठात त्या घटनेनंतर चार नियम झाले, ते आजही चालू आहेत. शिक्षेचा निर्णय त्याच दिवशी होत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला बसवून, पाणी देऊन, 'काय झाले?' असे विचारले जाते. बैठकीत सर्वांत लहान पदाचा माणूस प्रथम बोलतो आणि स्वामी सर्वांत शेवटी. कारण स्वामी आधी बोलले की इतरांचे बोलणे संपते. आणि प्रत्येक निर्णय का घेतला याची दोन ओळींची नोंद वहीत होते. वर्षाअखेरीस ती वही आम्ही वाचतो. कोठे चुकलो ते स्वतःच्या अक्षरात दिसते, तेव्हा कोणावर ढकलता येत नाही.

हिमायतनगरच्या त्या भक्ताला आमचे सांगणे एवढेच. आपल्या घरापासून लिबर्टी चौकातून पुढे गेलात की टँकबंडवर बसवण्णांची मूर्ती आहे. बसवजयंतीला आपण तेथे हार घालता. एखाद्या कठीण निर्णयाच्या आदल्या संध्याकाळी हार न घेता तेथे जा. थोडा वेळ उभे राहा आणि मनात त्या माणसाचा चेहरा आणा, ज्याच्यावर उद्याच्या सहीचा परिणाम होणार आहे. त्याला आपण विचारले आहे काय, एवढे स्वतःला पुसा. विचारले नसेल तर सही एक दिवस पुढे ढकला. एका दिवसाने संस्था बुडत नाही. एका मुलाचे वर्ष मात्र बुडते, हे आम्ही पाहिले आहे.

सर्वांना सद्बुद्धी लाभो, सर्वांच्या हातून न्याय घडो, हीच गुरुबसवण्णांच्या चरणी प्रार्थना.

॥ शरणु शरणार्थी ॥